पुण्यांत छापलेलें एक गूढ पुस्तक



पुण्याच्या लष्कर भागांत लाल विटांची आणि उंच मनोऱ्याची एक इमारत आहे. पुणेकर तिला लाल देऊळ म्हणतात. नांव देवळाचें असलें तरी आंत मूर्ति नाहीं. तें यहुदी लोकांचें प्रार्थनामंदिर असून त्याचें खरें नांव ओहेल डेव्हिड असें आहे. १८३२ सालीं मुंबईस येऊन स्थायिक झालेल्या डेव्हिड ससून या बगदादी व्यापाऱ्यानें तें बांधावयास घेतलें. १८६४ सालीं तो पुण्यासच वारला आणि १८६७ सालीं मंदिर पुरें झालें. त्याची कबर त्याच आवारांत आहे. ससूनांचें नांव रुग्णालयामुळें सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्याच बगदादी समाजांतील दुसऱ्या एका गृहस्थाचें नांव पुण्यांतदेखील फारसें कोणी घेत नाहीं. त्यानें छापलेलें एक लहानसें पुस्तक हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या गृहस्थाचें नांव अब्राहम डेव्हिड इझिकेल. १८८७ सालीं त्यानें ‘इद्रा झुटा’ या प्रकरणाचें अरबी भाषांतर हिब्रू लिपींत पुण्यास छापून प्रसिद्ध केलें. बगदादी यहुद्यांची घरची बोली अरबी व लिहिण्याची लिपि हिब्रू. तेव्हां हें भाषांतर त्यांच्या दुकानदारांना आणि कारकुनांनाही सहज वाचतां येण्याजोगें होतें. आणि हेंच नडलें! पुस्तक बगदादेस पोंचलें तसे तेथील धर्मपंडित खवळले. त्याचा निषेध झाला. आणि भाषांतरकार अमेरिकेंतून निघालेल्या कुठल्याशा सूफी मंडळींपैकीं आहे, असा आरोप झाला. ही सूफी मंडळी म्हणजे १८७५ सालीं न्यूयॉर्क येथें स्थापन झालेली आणि १८७९ सालीं मुंबईंत येऊन राहिलेली थिऑसॉफिकल सोसायटी. इझिकेल तिचा सभासद होता, हें खरें आहे.

ज्या ग्रंथाला ते पंडित स्वतः परमपवित्र मानीत होते, त्याचा अर्थ लोकांच्या भाषेंत सांगितला म्हणून त्यांना राग यावा, हें आपल्याला प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. ज्ञानेश्वरीच्या देशांत वाढलेल्या माणसाला तर तें अन्यायाचेंच वाटेल. मलाही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु निकाल देण्यापूर्वीं त्या पुस्तकांत काय आहे आणि तें वाचण्याची रीत कोणती, हें पाहिलें पाहिजे.

यहुदी धर्मांतील गूढविद्येला कबाला म्हणतात. या शब्दाचा अर्थ परंपरेनें घेतलेलें, म्हणजे गुरूकडून शिष्यानें स्वीकारलेलें, असा आहे. हिचा मुख्य प्रश्न आपल्या वेदांत्यांनाही परिचयाचा आहे. परमेश्वर जर अनंत, निर्गुण आणि मनाच्या पलीकडचा, तर मग तो बोलतो, रागावतो, दया करतो असें शास्त्र सांगतें तें कोणाविषयीं? कबालेचें उत्तर असें कीं, त्याचें मूळ स्वरूप तें ‘एन सोफ’, म्हणजे ज्याला अंत नाहीं असें. त्याविषयीं कांहींच बोलतां येत नाहीं. परंतु दिव्यापासून प्रभा फांकावी त्याप्रमाणें त्यापासून दहा शक्ति प्रकट होतात. त्यांना ‘सेफिरोत’ म्हणतात. मुकुट, प्रज्ञा, बोध, करुणा, कठोर न्याय, शोभा, जय, वैभव, पाया आणि राज्य अशीं त्यांचीं नांवें मराठींत करतां येतील. पैकीं करुणा उजवीकडे व न्याय डावीकडे. दोहोंचा तोल शोभेंत सांभाळला जातो. शेवटची जी ‘राज्य’ ती ‘शेखिना’, म्हणजे परमेश्वराचें या जगांतील सान्निध्य. तिला स्त्रीरूप मानतात. आणि आपली प्रजा देशोधडीला लागली तेव्हां तीही तिच्याबरोबर वनवासास निघाली, अशी भावना आहे. घरदार सोडून देशोदेशीं फिरणाऱ्या लोकांना या एका कल्पनेनें किती धीर दिला असेल! कबालेचा प्रसार केवळ तिच्या तत्त्वज्ञानामुळें झाला नाहीं, यामुळें झाला, असें मला वाटतें.

आतां वाचण्याच्या रीतीकडे वळूं. मूळ शास्त्राच्या प्रत्येक वचनाला चार अर्थ असतात, असें कबालेचे पंडित मानतात. ‘पेशाट’ म्हणजे शब्दार्थ, ‘रेमेझ’ म्हणजे सूचित अर्थ, ‘देराश’ म्हणजे शोध घेऊन काढलेला बोधपर अर्थ आणि ‘सोद’ म्हणजे गुह्य. या चार शब्दांचीं आद्याक्षरें जोडलीं कीं ‘पार्देस’ असा शब्द होतो. पार्देस म्हणजे उपवन. तालमूद या ग्रंथांत त्याच नांवाच्या उपवनाची एक जुनी कथा आहे. चार विद्वान् त्यांत शिरले. एकानें पाहिलें व तो मेला. दुसऱ्यानें पाहिलें व त्याला वेड लागलें. तिसऱ्यानें तेथील कोंवळीं रोपें छाटलीं, म्हणजे तो धर्मभ्रष्ट झाला. एकटे रब्बी अकिबा तेवढे सुखरूप बाहेर आले. चारांत तिघांची ही गत! ही कथा ध्यानांत ठेवावी. बगदादचे पंडित लहानपणापासून ती ऐकत आले होते.

उदाहरणाशिवाय हें समजणार नाहीं. यहुदी शास्त्राचा आरंभ सृष्टीच्या उत्पत्तीपासून होतो. पहिलें वाक्य शब्दार्थानें घेतलें तर, आरंभीं देवानें आकाश आणि पृथ्वी हीं निर्माण केलीं, एवढेंच तें सांगतें. हा पेशाट. या वाक्याचें पहिलें अक्षर ‘बेथ’. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि बेथ हें अक्षर वर, खालीं व मागें बंद असून पुढील बाजूस मात्र उघडें असतें. यावरून जुन्या आचार्यांनीं बोध काढला कीं, वर काय आहे, खालीं काय आहे, आरंभापूर्वीं काय होतें, हें विचारूं नका. येथून पुढें जें आहे त्याचा विचार करा. हा देराश. आतां सोद पाहा. हिब्रूंत क्रियापद बहुधा कर्त्याच्या आधीं येतें, म्हणून मूळ शब्दांचा क्रम ‘आरंभीं, निर्माण केलें, देव’ असा आहे. मराठींत ‘देवानें’ म्हटलें कीं प्रत्ययावरून कर्ता कळतो. हिब्रूंत तसा प्रत्यय नाहीं. कबालेचा मुख्य ग्रंथ जो झोहर, तो या फटींतून आंत शिरतो. तो म्हणतो, कर्त्याचें नांव येथें मुळीं दिलेलेंच नाहीं, कारण तो अनाम आहे. त्या अनामानें ‘आरंभा’च्या, म्हणजे प्रज्ञेच्या योगानें, ‘देव’ या नांवाची शक्ति प्रकट केली! ज्याला सर्वजण कर्ता समजत होते तो कर्म ठरला आणि खरा कर्ता पडद्याआड गेला. व्याकरणाच्या एका मोकळ्या जागेवर केवढी ही इमारत! परंतु शब्दार्थ मोडलेला नाहीं. तो आपल्या ठिकाणीं तसाच राहतो. हें ज्याला उमगलें नाहीं तो, देव दोन आहेत, असें समजून बसेल. रोपें छाटणें म्हणतात तें हेंच.

रेमेझाचे प्रकार पुष्कळ आहेत. पैकीं आंकड्यांचा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. हिब्रूंत अक्षरें हेच आंकडे असल्यामुळें प्रत्येक शब्दाची बेरीज करतां येते. ‘एक’ या अर्थाच्या शब्दाची बेरीज १३ येते, ‘प्रेम’ या अर्थाच्या शब्दाचीही १३. आणि दोन्ही मिळून २६, ही परमेश्वराच्या चतुरक्षरी नांवाची बेरीज होय. यास ‘गेमात्रिया’ म्हणतात. आपल्या ज्योतिष्यांची कटपयादि पद्धति याच जातीची आहे. तिच्याप्रमाणें ‘जय’ या शब्दाचे ८ व १ असे आंकडे येतात व ते उलट वाचून १८ होतात. म्हणून महाभारताला जय हें नांव आणि पर्वें १८, असें आपल्याकडे सांगतात. गंमत अशी कीं, हिब्रूंत ‘जिवंत’ या अर्थाच्या शब्दाची बेरीजही १८ आहे आणि यहुदी लोक त्या संख्येला शुभ मानतात. हा योगायोग आहे. असल्या योगायोगांवरून दोन धर्मांचें नातें जुळविणारे लेखक इझिकेलच्या काळांत पुष्कळ होते व अजूनही आहेत. त्यांच्या वाटेस आपण जाऊं नये.

झोहर हा ग्रंथ बहुतांशीं अरामी भाषेंत आहे. परंपरेनें तो दुसऱ्या शतकांतील शिमोन बार योहाय या ऋषितुल्य पुरुषाचा मानतात. इतिहास निराळें सांगतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्यें मोशे दे लिऑन नांवाच्या पंडितानें त्याचीं प्रकरणें एकेक करून लोकांपुढें आणलीं. तो १३०५ सालीं वारला. आक्को येथील इसहाक नांवाचा एक शोधक मूळ पोथीच्या तपासासाठीं त्याच वर्षीं स्पेनमध्यें आला, तेव्हां त्याच्या कानांवर असें आलें कीं, मोशेच्या विधवेनें मूळ पोथी नाहींच असें सांगितलें. नवरा आपल्याच डोक्यांतून लिहीत असे, पण जुन्या पुरुषाच्या नांवावर घातल्याशिवाय कोण विचारतो, असें तो म्हणे. गेर्शोम शोलेम या विद्वानानें १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत भाषेच्या पुराव्यावरून मोशेचें कर्तृत्व पक्कें केलें. त्यानंतरचे कांहीं अभ्यासक एकट्या मोशेऐवजीं एक मंडळ मानतात. मला या कथेंत लबाडीपेक्षां नम्रता अधिक दिसते. आपल्याकडील पुराणकारांनीं दुसरें काय केलें?

इद्रा झुटा, म्हणजे लहान सभा, हें झोहरांतील एक प्रकरण. त्यांत शिमोनच्या देहावसानाचा दिवस वर्णिला आहे. शिष्य भोंवतीं बसलेले आहेत. आजवर सांगितलें नाहीं तें आज सांगतों, असें तो म्हणतो आणि बोलावयास आरंभ करतो. अब्बा नांवाचा शिष्य मान खालीं घालून लिहीत असतो. घर तेजानें इतकें भरून जातें कीं कोणी जवळ जाऊं शकत नाहीं. शेवटीं गुरु एक स्तोत्रवचन म्हणूं लागतो. त्यांत ‘जीवन’ हा शब्द येतो आणि तेथें आवाज थांबतो. अब्बा पुढील शब्दाची वाट पाहत लेखणी धरून बसतो. पुढील शब्द येत नाहीं. वर पाहण्याचें धाडस त्याला होत नाहीं. जगांतील धार्मिक वाङ्मयांत याहून सुंदर मरण क्वचितच वर्णिलें असेल.

परंतु त्या दिवशीं गुरूनें सांगितलें काय? त्यानें परमेश्वराच्या मुखाचें वर्णन केलें. मस्तक, केश, कपाळ, डोळे, नाक, दाढी, यांतील एकेक अवयव घेऊन त्याचें रहस्य उलगडलें. आतां अडचण ध्यानांत येईल. ज्या धर्माची पहिली शिकवण परमेश्वराला रूप नाहीं आणि त्याची प्रतिमा करूं नये ही, त्याच्या परमगुह्यांत परमेश्वराच्या दाढीचें वर्णन! ज्याला सेफिरोत समजल्या आहेत तो ‘केश’ म्हटल्याबरोबर प्रज्ञेचे ओघ समजतो. ज्याला पेशाटावांचून दुसरी रीत ठाऊक नाहीं त्याच्या हातीं केवळ एक मोठा म्हातारा लागतो. मूळ अरामी भाषा हें यावर आयतें कुलूप होतें. पूर्वेकडील यहुदी लोक झोहराचा पाठ भक्तीनें करीत. अर्थ न कळतांही पाठाचें पुण्य आहेच, अशी श्रद्धा होती. वेदपाठाची आपल्याकडील रीत आठवली कीं हें सहज पटेल. इझिकेलनें तें कुलूप काढलें.

पंडितांच्या भीतीला याहूनही कडू अनुभवाचा आधार होता. १४९२ सालीं स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाली आणि त्यांतील पुष्कळ जण पूर्वेकडे आले. गॅलिलींतील सफेद गांवीं इसहाक लूरिया यानें कबालेला नवें रूप दिलें. त्याची शिकवण थोडक्यांत सांगतों. सृष्टीला जागा व्हावी म्हणून अनंत परमेश्वरानें प्रथम आपल्यालाच संकोचून घेतलें. मग जें तेज बाहेर आलें तें धरणारीं पात्रें फुटलीं व त्याच्या ठिणग्या सर्व जगांत विखुरल्या. त्या वेंचून परत जोडणें हें माणसाचें काम. लूरिया १५७२ सालीं अवघ्या अडतिसाव्या वर्षीं वारला. त्यानें स्वतः फारच थोडें लिहिलें, बाकीचें हायिम विताल इत्यादि शिष्यांनीं. शंभर वर्षांच्या आंत हीच शिकवण हातीं धरून सब्बाताय त्स्वी हा आपणच उद्धारक आहों असें सांगत उभा राहिला. कितीएकांनीं घरेंदारें विकून प्रयाणाची तयारी केली. आणि १६६६ सालीं सुलतानापुढें उभा केल्यावर त्यानें मुसलमानी धर्म स्वीकारला! पुढें त्याच्या पंथाच्या उरलेल्या शाखांचा उपद्रव पाहून १७५६ सालीं पोलंडांतील ब्रोडी येथें रब्बींनीं नियम केला कीं, तीस वर्षांच्या आंतील माणसानें झोहर आणि चाळीस वर्षांच्या आंतील माणसानें लूरियाची विद्या शिकूं नये. सबब बगदादच्या आचार्यांना निव्वळ अडाणी समजणें बरोबर नाहीं. त्या वेळचे तेथील थोर आचार्य योसेफ हायिम हे स्वतः कबालेंत मुरलेले होते. त्यांच्या नगरींत कबालेचा अनादर नव्हता. गुरूवांचून ती हातीं पडूं नये, एवढाच आग्रह होता.

इझिकेलची बाजूही तितकीच सबळ आहे. झोहर प्रथम छापला गेला तो इटलींत, मांतुआ आणि क्रेमोना येथें, १५५८ ते १५६० या वर्षांत. तेव्हांही छापावा कीं छापूं नये यावरून कडाक्याचा वाद झाला आणि शेवटीं छापणारे जिंकले. सतराव्या शतकांत क्नोर फॉन रोझेनरोथ या ख्रिस्ती पंडितानें इद्रा झुटा लॅटिनमध्यें आणलें. आणि मॅथर्स नांवाच्या गृहस्थानें त्या लॅटिनवरून केलेलें इंग्रजी भाषांतर लंडनमध्यें प्रसिद्ध झालें तें १८८७ सालींच! म्हणजे ज्या वर्षीं लंडनचा कोणीही ख्रिस्ती मनुष्य चार पैसे टाकून हें गुह्य विकत घेऊं शकत होता, त्याच वर्षीं ज्यांचें तें गुह्य त्यांनीं मात्र तें आपल्या भाषेंत वाचूं नये, असा निषेध झाला. इझिकेलचें चुकलें असलेंच तर एवढेंच कीं, थिऑसॉफीच्या संगतीमुळें त्याच्या हेतूविषयीं शंकेला जागा राहिली.

हा वाद मराठी माणसाला परका नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकड्याकडील श्रोत्यांना तर तो घरचाच वाटावा. नामदेवांची नरसी आणि औंढा नागनाथ हीं दोन्हीं स्थळें त्यांच्याच जिल्ह्यांत आहेत. औंढ्याच्या देवळांत विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून निजले होते. नामदेवांनीं रागें भरून पाय काढावयास सांगितलें. जेथें देव नाहीं तेथें माझे पाय ठेव, असें विसोबा म्हणाले. आणि जेथें पाय ठेवावे तेथें पिंडी दिसूं लागली, ही कथा तेथील पोरेंबाळेंही सांगतात. देव या पिंडींत आहे, हा पेशाट. तो नाहीं अशी जागाच नाहीं, हा सोद. परंतु विसोबांनीं हें रहस्य एकट्या नामदेवांस सांगितलें, आणि नामदेवांनीं तें टाळ घेऊन पंजाबपर्यंत उघडें केलें. वारकऱ्यांनीं गुह्याला कुलूप ठेवलेंच नाहीं.

महानुभावांनीं ठेवलें. त्यांची रीत तर विलक्षण आहे. ग्रंथ संस्कृतांत करूं नयेत, म्हाताऱ्या बायाबापड्या अंतरतील, असें नागदेवाचार्य आपल्या विद्वान् शिष्यांना सांगत. पंथाचे सर्व मोठे ग्रंथ मराठींत झाले. पुढें त्याच पंथानें ते सकळ लिपींत लिहिण्यास आरंभ केला. या लिपींत एका अक्षराच्या जागीं ठरविलेलें दुसरें अक्षर येतें. यहुद्यांचा ‘अतबश’ हा प्रकार हुबेहूब असाच आहे. त्यांत पहिल्या अक्षराच्या जागीं शेवटचें, दुसऱ्याच्या जागीं उपान्त्य, असें चालतें, आणि यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथांत बाबेल नगरीचें नांव अशा रीतीनें ‘शेशाख’ असें झांकून लिहिलें आहे. महानुभावांनीं भाषा सर्वांना दिली आणि लिपीला कुलूप घातलें. यहुद्यांनीं लिपि पोरासोरांना शिकविली आणि अर्थाला कुलूप घातलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं सकळ लिपीची उकल केली तेव्हां मराठीच्या आद्य गद्याचा खजिना जगाच्या हातीं आला. त्यायोगें महानुभाव धर्म बुडाला नाहीं; पण आपल्या घरांतील पोथी परक्याच्या हातीं पाहून जुन्या महंतांना काय वाटलें असेल, तें बगदादच्या पंडितांच्या मनावरून ताडतां येतें.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतों. मराठी ही ज्यांची मातृभाषा, ते कोंकणचे बेने इस्राएल या सर्व वादापासून दूर होते. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईंतील त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं बांधलें. हे दिवेकर निराळे, पुण्याच्या इझिकेलशीं त्यांचा घोटाळा करूं नये. या समाजांत १८८० सालापासून यहुदी कथांवर मराठी कीर्तनें होऊं लागलीं. तेथें शास्त्र देशी भाषेंत आणण्याबद्दल कोणी भांडलें नाहीं. कबालेच्या परंपरेंत गुह्य सांगावयास स्वर्गांतून एलिया संदेष्टा येतो. लूरियालाही त्याच्याकडूनच ज्ञान झालें, असें मानतात. तोच एलिया कोंकणांत ‘एलियाहू हनाबी’ म्हणून घरोघरीं पूजिला जातो. अलिबागेजवळच्या खंडाळें गांवीं तो रथासह उतरला व त्याच्या खुणा खडकावर उमटल्या, असें तेथें दाखवितात. नवस फेडतांना, लग्नाच्या आधीं, किंवा घरांत कांहीं शुभ घडलें म्हणजे त्याच्या नांवानें मलिदा करतात. भिजविलेले पोहे, गूळ, ओलें खोबरें आणि वर फळें मांडून ताट तयार होतें. हिब्रू प्रार्थना म्हणतात, आणि ज्याला त्या प्रार्थनेचा एक शब्दही कळत नाहीं त्याच्या हातावरही पोह्यांची मूठ पडते.